यमुनाकाकूंच्या परसातली बॅक रोटरी

इंदापुरात कचेरीच्या कुंपणाला लागून एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक मोठी छत्री एवढे माझे कार्यालय आहे. शाळा मी नववीत सोडली. तथापि ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ आणि ‘मेहेरबान’ या शब्दांवर ज्याची हुकमत असते, त्याला या आवारात मान मिळतो हे मला लवकर उमगले. खेड्यातून येणारे कित्येक जण मला वकीलसाहेब म्हणतात. त्यांना थांबवून दुरुस्ती सांगण्यात त्यांचाच वेळ जातो, म्हणून मी ती सांगत नाही.

माझे काम बाहेरच्यांना सोपे वाटते. गाऱ्हाणे ऐकायचे, त्यातील शिव्या वगळायच्या, उरलेले क्रमाने मांडायचे आणि सही घेण्यापूर्वी अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचे. पण शिव्या वगळल्यावर काहीच उरत नाही असेही अर्जदार येतात, आणि त्यांना चहा पाजून परत पाठवणे हा या धंद्यातील अवघड भाग होय. अलीकडे बरेचसे अर्ज संगणकावर गेले. तेथील रकान्यात गाव, गट क्रमांक आणि मोबाइल मावतो. माणूस मावत नाही. याचे मला वाईट वाटते. मात्र मी एक नियम पाळतो, आणि तो कोणत्याही संगणकाला जमणार नाही. रक्ताच्या नात्याविरुद्धचा अर्ज मी जागा पाहिल्याखेरीज लिहीत नाही.

या अंकासाठी वारस, बांध आणि वहिवाट यांवर मी लिहू शकलो असतो. ते सर्वजण लिहितात. मी परसबागेच्या यंत्रावर लिहिणार आहे, कारण गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर बांधाच्या खालोखाल यंत्रांच्याच तक्रारी आल्या आणि त्या ऐकता ऐकता मी या विषयात अधिकारी झालो.

आमचा मुलूख उसाचा. येथे यंत्राची जात, कुळी विचारण्याआधी लोक त्याचे हॉर्सपॉवर विचारतात. कळसच्या एका गृहस्थांनी घरामागच्या भेंडी-गवारीसाठी दुकानातील सर्वांत दांडगा, माती उकरणारा टिलर आणला आणि तो वळत नाही म्हणून कंपनीविरुद्ध अर्ज लिहून मागितला. मी जाऊन पाहिले. टिलर वळायला तयार होता. वळण्यापुरती जागा त्या परसात नव्हती. वळवण्याच्या खटपटीत सीताफळाचे झाड आडवे झाले होते. मी म्हणालो, “तात्या, कंपनीनं यंत्र दिलं, परस तुम्ही दिलंय.” तात्या महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरे अर्जदार पणदऱ्याचे, दुधाचा धंदा करणारे. “साहेब, लिहा, ह्ये यंत्र हरळी पेरतं!” असे म्हणतच ते बसले. त्यांनी हरळी माजलेल्या जागेत मोठ्या हौसेने टिलर फिरवला होता. फिरत्या पात्यांनी हरळीच्या मुळ्यांचे बारीक तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला कोंब फुटला, आणि कोपऱ्यातली हरळी परसभर झाली. हरळी आणि लव्हाळा आधी खणून, वेचून बाहेर टाकावा आणि मगच यंत्र घालावे, हे मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगतो. अर्ज मात्र लिहिला नाही. गवताच्या स्वभावाविरुद्ध दाद मागण्याची सोय अजून कोठे झालेली नाही.

या दोघांचे फारसे काही अडले नव्हते. निमगाव केतकीच्या यमुनाकाकूंचे मात्र अडले होते.

काकू एस.टी.ने आल्या. साठी ओलांडलेला काटक बांधा, डाव्या हातात पिशवी, उजवा हात पोटाशी धरलेला. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाल्या, “भाऊ, माझ्या पोरावर अर्ज लिवायचा हाय.”

“कारण?”

“परसात शिमिटाचं ब्लाक बसवतोय.”

हकिगत अशी होती. काकूंच्या घरामागे काळ्या मातीचे परस आहे. तेथे त्या वांगी-मिरचीची रोपे तयार करतात आणि आठवडी बाजारात विकतात. त्यांच्या रोपांना आसपासच्या वाड्यांतून माणसे विचारत येतात. मागील वर्षी गोठ्यात पाय घसरून त्यांचा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला आणि कुदळ कायमची बंद केली. मजूर पाहावा तर उसाचे काम सोडून परसात कोणी येईना. ट्रॅक्टर आत न्यावा तर फाटक अरुंद. अखेर मुलगा नवनाथ याने माती उकरायचे एक हलके यंत्र आणून दिले. त्या यंत्राने काकूंना तारेच्या कुंपणापर्यंत फरफटत नेले. कोपर सोलून निघाले. त्याच दिवशी नवनाथने जाहीर केले की परस बंद, तेथे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायच्या.

“घराच्या उताऱ्याला माझं नाव हाय,” काकू म्हणाल्या. “माझ्या सहीबिगर ब्लाक बसवू ने, असं ग्रामपंचायतीला लिवा.”

मी माझा नियम सांगितला.

“मग बघायला या,” त्या म्हणाल्या. “नुसत्या नियमानं रोपं उगवत न्हाईत.”

मी गेलो. नवनाथराव घरीच होते. तिशीतला, ऊस आणि दोन जर्सी गाई सांभाळणारा, सरळ मनाचा माणूस. मला पाहून त्यांचा चेहरा पडला, कारण माझी पिशवी या भागात ओळखीची आहे.

“आईनं वकील आणला व्हय?” ते म्हणाले. “साहेब, तुमीच तिला सांगा. एक खांदा गेला. दुसरा घालवायचा का? मी काय परसाचा वैरी हाय का?”

“वैरी न्हाईस,” काकू आतून म्हणाल्या, “पर ब्लाकवाल्याला हुकूम तूच दिला न्हवं?”

भांडण खरे होते आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मुलाला आई शाबूत हवी होती. आईला परस हवे होते, आणि तेही दुसऱ्याने खणून दिलेले नको, स्वतःच्या हाताचे हवे होते. अशा प्रसंगी अर्ज लिहिल्यास एक बाजू जिंकते आणि घर हरते. मी गोणपाटाखाली ठेवलेले यंत्र बाहेर काढायला सांगितले.

पाहताक्षणीच प्रकार लक्षात आला. ती फ्रंट रोटरी होती. वाचकांपैकी जे शहरात राहतात आणि बंगल्यामागे भाजी लावण्याचे मनात बाळगून आहेत, त्यांनी येथे लक्ष द्यावे. फ्रंट रोटरीत पाती इंजिनाच्या बुडाशी, पुढे असतात. माती उकरणे आणि यंत्र पुढे ओढणे ही दोन्ही कामे त्या पात्यांनाच करावी लागतात. भुसभुशीत वाफ्यात हे यंत्र उत्तम चालते, वजनाला हलके असते आणि कोपऱ्यात सहज वळते. परंतु तापून कडक झालेल्या काळ्या रानात पाती आत रुतत नाहीत, ती चाकांसारखी धावतात. मग यंत्र उड्या मारते, आणि त्याला आवरण्याचे काम माणसाच्या खांद्यावर येते. काकूंकडे नेमका तोच खांदा नव्हता.

बॅक रोटरीची रचना निराळी. पुढे इंजिनाच्या जोरावर फिरणारी दोन जाड रबरी चाके, आणि पाती मागे, पत्र्याच्या झाकणाखाली. चाके आपल्या चालीने पुढे जातात आणि पात्यांना धावू देत नाहीत. चालवणाऱ्याने हँडल दाबायचे नाही, ढकलायचेही नाही, नुसता हात ठेवून बरोबर चालायचे. हे यंत्र जड असते, महाग असते आणि वळवताना थोडी शिस्त मागते, हेही सांगितले पाहिजे. मी दुकानाचा दलाल नव्हे.

हे सर्व मी दोघांना समजावले. नवनाथरावांनी अट घातली. “ब्लाकचा टेंपो येत्या सोमवारी यायचाय,” ते म्हणाले. “त्याच्या आत नवं यंत्र परसात चाललं, आन् आईनं चालवलं, तर ब्लाक रद्द. न्हाय चाललं, तर आईनं पुन्हा नाव काढायचं न्हाय.”

“कबूल,” काकू म्हणाल्या. मला त्यांच्याइतकी खात्री वाटत नव्हती, पण पंचाने चेहरा स्थिर ठेवायचा असतो.

आम्ही तिघे बारामतीला गेलो. आमच्याकडे यंत्र पाहायला घरातील झाडून सगळे पुरुष जातात, आणि ते वापरणारी बाई घरी राहून स्वयंपाक करते. दुकानदाराचीही तीच समजूत होती. त्याने काकूंसाठी पंख्याखाली खुर्ची मांडली. “मावशी, तुमी चहा घ्या. आमी साहेबास्नी मॉडेल दावतो.”

“चहा ह्या दोघांना पाजा,” काकू म्हणाल्या. “यंत्र मी चालवणार हाय.”

नवनाथरावांनी सवयीने विचारले, “सगळ्यात जास्ती एचपीचं कंचं?” दुकानदाराचा हात लगेच कोपऱ्यातल्या धिप्पाड यंत्राकडे गेला. काकूंनी पिशवीतून सुतळी काढली. फाटकाची रुंदी मोजून तिला गाठ मारून आणली होती. सुतळी यंत्राला लावली आणि त्या म्हणाल्या, “ह्ये माझ्या घरात येणार कसं, भिंत पाडून?”

त्यानंतर दुकानदार काकूंशी बोलू लागला.

काकूंनी मध्यम आकाराची एक बॅक रोटरी बाहेरच्या मोकळ्या जागेत चालवून पाहिली. हँडल कमरेच्या उंचीला लावून घेतले. हँडलवरची तरफ सोडली की पाती तत्काळ थांबतात का, हे पुन्हा पुन्हा पाहिले. मी सांगितल्याप्रमाणे रिव्हर्स गिअर तपासला, कारण तो नसेल तर भिंतीशी गेलेले यंत्र मागे ओढावे लागते आणि तेथे पुन्हा खांदाच लागतो. मागे येताना पाती फिरत नाहीत ना, हेही पाहिले. माणूस मागे असतो, म्हणून ही गोष्ट पायांच्या दृष्टीने महत्त्वाची. दुकानदार म्हणाला, “परसात ट्रायल घ्या. न्हाय जमलं तर माल परत घिऊ. एक माणूस पाठवतो.” ट्रायल शुक्रवारी ठरली.

येथून पुढे जे घडले ते आमच्याच भागात घडू शकते. आम्ही कॅनॉलची माणसे. पीक पिवळे पडले, पाणी द्या. मुंग्या झाल्या, पाणी द्या. जमीन कडक आहे, पाणी द्या. आदल्या संध्याकाळी काकू बाजाराला गेल्या असताना नवनाथरावांनी आईचे काम हलके व्हावे या शुद्ध हेतूने मोटर चालू केली आणि परस तुडुंब भरले.

शुक्रवारी मी पोहोचलो तेव्हा वरचे पाणी जिरले होते आणि खाली लोणी झाले होते. दुकानाच्या माणसाने मान हलवली, पण नवनाथराव म्हणाले, “चालवा हो, आता मऊ हाय.” यंत्र आत गेले. चार-पाच पावले पुढे जाऊन चाके जागच्या जागी फिरू लागली. पात्यांमध्ये चिखलाचे गोळे बसले आणि झाकणाखाली काही दिसेनासे झाले. इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून (पात्यांत हात घालण्यापूर्वी ती नेहमी काढावी) त्या माणसाने काडीने चिखल खरवडला. पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. शेवटी तिघांनी मिळून यंत्र ओढून बाहेर काढले.

नवनाथराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “बघितलं? आता तरी पटलं का?”

काकू खाली बसल्या. मूठभर माती उचलली आणि दाबली. बोटांचे ठसे तिच्यावर जसेच्या तसे राहिले. तो गोळा त्यांनी मुलापुढे धरला.

“यंत्र हरलं न्हाय, नवनाथा. तू रान बुडवलंस.”

“मी तुझ्यासाठी केलं, आई!”

“ठाव हाय मला. म्हणून तर वरडत न्हाय.”

चिखल झालेल्या काळ्या रानात यंत्र घातले तर पुढे विटांसारखी ढेकळे होतात, आणि कोरड्या रानात घातले तर ते उड्या मारते. या दोहोंच्या मध्ये माती भुसभुशीत होऊन हाताला किंचित ओल लागावी, अशी एक वेळ येते. तिला वाफसा म्हणतात. तो आणता येत नाही, त्याची वाट पाहावी लागते. आणि काकूंकडे शनिवार, रविवार एवढाच अवधी होता. त्यातून आभाळ भरून आले होते.

“यंत्र हितंच ऱ्हाऊ द्या,” काकूंनी दुकानाच्या माणसाला सांगितले. नवनाथरावांना मी एका बाजूला घेऊन सुचवले की टेंपो दोन दिवस पुढे ढकलावा. ते म्हणाले, “साहेब, शब्द तिनंबी दिलाय, मीबी दिलाय. ती परत पडली तर तुमी येणार हाय का उचलायला?” मी पिशवी उचलून एस.टी.कडे निघालो. अशा माघारी मी सहसा लिहीत नाही.

शनिवारी दुपारी काकूंचा फोन आला. “भाऊ, अजून न्हाय.” त्यांनी खुरप्याने उताराकडे बारीक चर काढला होता आणि पाणी फाटकाबाहेर लावले होते. डाव्या हाताने. रविवारी सकाळी पुन्हा फोन, पुन्हा “अजून न्हाय.” रविवारी दुपारनंतर वारा सुटला आणि ऊन पडले. मी छत्रीखाली बसून निमगावच्या दिशेचे आभाळ पाहत होतो. सुट्टीच्या दिवशी आपण टेबलाशी का बसलो आहोत, हे मला कोणी विचारले नाही हे बरे.

सोमवारी सकाळी पहिल्या एस.टी.ने मी निमगावला उतरलो. साक्षीला कोणीतरी हवे, असे काकूंनी सांगितले होते. परसात नवनाथराव हाताची घडी घालून उभे होते. काकूंनी पदर खोचला होता. त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली आणि कमरेच्या उंचीवरून सोडली. गोळा जमिनीवर पडला आणि फुटून सुटा झाला.

“आला,” काकू म्हणाल्या. एवढेच.

ठिबकच्या नळ्या त्यांनी आधीच गुंडाळून ठेवल्या होत्या, दगड वेचले होते. दोरी ओढून इंजिन सुरू करण्याचे काम नवनाथरावांनी केले, कारण त्या दोरीला उजवा हात लागतो. पुढच्या वेळी बटनावर सुरू होणारे यंत्र पाहावे, असे मी मनात नोंदवले. पाती किती खोल जावीत ते ठरवणारा दांडा काकूंनी उथळावर ठेवला. पहिली फेरी उथळ घ्यायची, खोल नंतर. मग त्यांनी तरफ दाबली.

चाके चालू लागली. सावकाश, गाभण गाईच्या चालीने. मागून काळी माती उलटत होती, आणि काकू यंत्राच्या मागे न चालता एका अंगाने, न नांगरलेल्या बाजूने चालत होत्या, म्हणजे नवी माती तुडवली जात नाही. डावा हात हँडलवर, उजवा नुसता टेकलेला. नवनाथराव दोन्ही हात पुढे करून मागे पळत होते.

“आई, धर नीट! घट्ट धर!”

“घट्ट धरलं की दुखतं! तू सोड की मला!”

त्यांनी खरोखरच सोडले. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. यंत्र कुंपणाकडे, त्याच तारेकडे चालले होते. आम्ही दोघे एकमेकांकडे न पाहता उभे होतो. तारेच्या हातभर अलीकडे काकूंनी तरफ सोडली. पाती थांबली. यंत्र जागेवर उभे राहिले, नुसते धडधडत.

त्याच वेळी नवनाथरावांचा फोन वाजला. टेंपोवाला होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. “फाटकाशी आलोय. माल उतरवू का?”

नवनाथरावांनी परसाकडे पाहिले. काकू रिव्हर्स टाकून यंत्र मागे घेत होत्या. हँडलवर भार न देता, थोडे मागे, थोडे वळवून, पुन्हा थोडे मागे. दुकानाच्या अंगणात शिकल्या होत्या तसेच. यंत्राचे तोंड हळूहळू आमच्याकडे फिरले.

“नगं,” नवनाथराव फोनमध्ये म्हणाले. “माघारी न्या.”

“आन् मग कधी आणू?”

“आणू नगा. कळसला माझ्या मेव्हण्याला लागतंय, त्याला इचारा.” फोन खिशात घालून ते मला म्हणाले, “साहेब, वांग्याची रोपं आता वेळंवर व्हतील न्हवं?” या विषयावर मी अधिकारी नाही, पण होतील असे मी त्यांना ठामपणे सांगितले.

दुसरी ओळ सुरू झाली होती. काकू आमच्या रोखाने येत होत्या. मान किंचित तिरकी, नजर चाकांच्या पुढच्या मातीवर. इंजिनाच्या आवाजात त्या काहीतरी ओरडत होत्या. आम्हाला वाटले, आनंदाने काही सांगत असाव्यात, म्हणून आम्ही दोघांनी हात वर केले. त्या जवळ आल्या तेव्हा शब्द ऐकू आले.

“हात कसलं दावताय! बाजूला व्हा की दोघं! वाफ्यात हुबं ऱ्हायलाय!”

आम्ही उड्या मारून बाजूला झालो, आणि बॅक रोटरी आमच्या पावलांचे ठसे उकरत पुढे गेली.